पावसातली उचल आणि दिवाळीचा दर

जुलै महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास मीरा रोडच्या नया नगरातल्या किंवा भाईंदर पूर्वेच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर थोडा वेळ बसून पाहावे. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून बसलेले रंगारी, सुतार, पीओपीवाले, लादीवाले हमखास भेटतील. सकाळी नाक्यावर उभे राहिले, कुणी बोलावले नाही, आता जोहरच्या नमाजपर्यंत घरी जाऊन तरी काय करायचे म्हणून बसलेली ही मंडळी. याच टपरीवर एखाद्या दिवशी मोठा ठेकेदार येतो, सर्वांना चहा पाजतो आणि गरजवंताच्या हातात पाच-दहा हजारांची उचल ठेवतो. अट एकच असते. दसरा-दिवाळीत माझ्याच साइटवर यायचे आणि दर आज ठरला तोच राहील.

उचल घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. फी, वह्या, रेनकोट यांत शिल्लक संपते आणि घरभाडे काही पावसाळा ओळखत नाही. परंतु ऑक्टोबर उजाडला की हेच लोक रंगाऱ्याला शोधत फिरू लागतात, दिवसाची मजुरी चढते, आणि उचल घेतलेला आपला भाऊ मात्र जुलैच्या दराने फळीवर चढलेला असतो. कष्ट दिवाळीचे आणि दाम आषाढाचे! आपण व्याज देत-घेत नाही याचे समाधान आपल्याला असते. पण गरज पाहून पाडून घेतलेल्या या दराला काय म्हणावे, ते उलेमांनी सांगावे. व्यापाराच्या पानावर आम्ही एवढेच म्हणू की हा सौदा बँकेच्या कर्जापेक्षाही महाग पडतो.

या सौद्यातून सुटायचे असेल तर स्वतंत्र ठेका घेणाऱ्या कारागिराने आपल्या शहरातले काम कोणत्या महिन्यात निघते आणि ते त्याआधी किती महिने ठरते, हे नीट समजून घेतले पाहिजे. काम करण्याचा मोसम आणि काम मिळवण्याचा मोसम हे दोन वेगळे आहेत. आपली बरीच मंडळी पहिला मोसम ओळखतात, दुसरा ओळखत नाहीत.

मीरा-भाईंदर हे कारागिरांच्या हातांनी उभे राहिलेले शहर आहे. १९८५ साली नगरपालिका झाली तेव्हा येथे मिठागरे, शेती आणि त्यांच्यामध्ये उगवू लागलेल्या इमारती होत्या. १९९१ च्या जनगणनेत वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वस्तीने आठ लाखांचा आकडा ओलांडला. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईच्या निरनिराळ्या मोहल्ल्यांतून पुष्कळ कुटुंबे नया नगरात येऊन राहिली. त्यांत हातात कसब असलेले बरेच होते. त्या काळातले मिस्त्री सांगतात की तेव्हा काम शोधावे लागत नसे. एका इमारतीची लादी संपली की बिल्डर बाजूच्या इमारतीत नेई. आता स्वतंत्र कारागिराच्या वाट्याला येते ते मुख्यतः राहत्या घराचे आणि जुन्या इमारतीचे काम. गिऱ्हाईक म्हणजे एखादी हाउसिंग सोसायटी, नाहीतर एखादा घरमालक. बिल्डरला फक्त पाऊस अडवतो. घरमालकाला पाऊस, सण, मुहूर्त आणि मुलांच्या परीक्षा असे चार जण अडवतात.

आणि येथला घरमालक पुष्कळदा गुजराती, मारवाडी किंवा मराठी हिंदू असतो. भाईंदरमध्ये जैन समाजाची वस्ती मोठी आहे. म्हणजे कारागीर आपला आणि मुहूर्त त्यांचा, अशी ही जोडी. तेव्हा त्यांचे पंचांग आपल्याला तोंडपाठ हवे. पितृपक्षाच्या पंधरवड्यात कुणी नवे काम काढत नाही, पण तो संपताच नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रंग आणि पॉलिशला उसंत नसते. दिवाळीत दुकाने बंद होतात ती बहुतेक गुजराती व्यापारी लाभपंचमीला उघडतात. कामाचे बोलणे त्यानंतरच निघते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मास, ज्याला गुजराती लोक कमुरता म्हणतात, त्यात गृहप्रवेश व लग्ने थांबतात. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीया हे नव्या घराचा ताबा घेण्याचे दिवस, म्हणून त्याआधीचा दीड महिना फर्निचरवाल्याचा. मे महिन्यात मुले गावी गेली की घर रिकामे मिळते आणि बाथरूम तोडण्याचे काम निघते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यात गृहप्रवेश जवळजवळ नाही.

यात दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास येतो आणि हिशेब बदलतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. एरवी मेअखेरपर्यंत चालणारी लग्ने आणि गृहप्रवेश त्या वर्षी १७ मेला थांबतात, आणि तो महिना संपतो तेव्हा पाऊस आलेला असतो. फर्निचरच्या ठेकेदाराला हे जानेवारीत ठाऊक असले तर तो मेच्या पहिल्या पंधरवड्याची तारीख देतो. ठाऊक नसले तर लाकूड आणून ठेवतो आणि गिऱ्हाईक म्हणते, आता दसऱ्याला बघू.

पाऊस स्वतः काही कामे मारतो आणि काही जन्माला घालतो. बाहेरचा रंग, प्लास्टर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. उलट पावसाळी शेड, ग्रिल आणि पत्र्याचे काम एप्रिल-मेमध्ये फॅब्रिकेशनवाल्याला झोपू देत नाही. एसीच्या मिस्त्रीचा मोसम मार्चपासून पहिल्या सरीपर्यंत. त्यानंतर त्याचा फोन वाजत नाही. गळतीची खरी तक्रार जुलैत येते, पण इलाज ऑक्टोबरपूर्वी नीट करता येत नाही. जाणता वॉटरप्रूफिंगवाला जुलैत जाऊन ओल कुठून येते ते पाहून ठेवतो, भिंतीवर खूण करतो, फोटो काढतो. हे पाहणे तो फुकट करतो. ऑक्टोबरमध्ये काम त्यालाच मिळते, कारण पाणी प्रत्यक्ष येताना त्यानेच पाहिलेले असते.

सोसायटीचे काम ठरते कधी?

येथे आम्ही थोडे अधिक लिहिणार आहोत, कारण याच ठिकाणी आपली माणसे सर्वांत जास्त चुकतात. दिवाळीनंतर एखाद्या इमारतीला बांबूची परात बांधलेली दिसली की आपला रंगारी आत जाऊन सेक्रेटरीला विचारतो, काही काम आहे का? काम असते. पण ते तीन महिन्यांपूर्वीच दुसऱ्याला दिलेले असते.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेची नोटीस १४ दिवस आधी निघते. बहुतेक सोसायट्या ही सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकतात. मोठी दुरुस्ती, बाहेरचा रंग, गच्चीचे काम, त्यासाठी सभासदांकडून काढायची वर्गणी, हे सगळे याच सभेत मंजूर होते. मंजुरीसाठी कमिटीला कोटेशन हवी असतात, साधारणपणे तीन. ती ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सेक्रेटरीच्या फायलीत पोहोचली पाहिजेत. म्हणजे ज्या जुलै महिन्यात आपण टपरीवर बसतो, तोच महिना कोटेशन देण्याचा.

दुसरी गोष्ट. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या इमारतींनी तिशी ओलांडली आहे. काही पुनर्विकासाला जातील, पण ज्या जाणार नाहीत त्यांना दुरुस्ती चुकणार नाही. ऑडिटच्या अहवालात कोणते पिलर, कोणती बाल्कनी दुरुस्त करायची ते लिहिलेले असते. आपल्या गल्लीतल्या कोणत्या इमारतीचे ऑडिट झाले, याची चौकशी वॉचमनकडे आणि सेक्रेटरीकडे करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

कोटेशन कसे असावे? एका कागदावर, स्वच्छ अक्षरात किंवा टाइप केलेले. कामाची मापे, किती हात, कोणत्या कंपनीचा कोणता रंग, परात कुणाची, किती दिवस, पैसे किती हप्त्यांत. आपले पुष्कळ कारागीर हात बघून आकडा तोंडी सांगतात. आकडा बरोबर असतो, पण सभेत तोंडी आकडा कुणी वाचून दाखवू शकत नाही. स्वतःला लिहिणे जमत नसेल तर घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असतोच. त्याच्याकडून एक नमुना करून घ्यावा आणि दर वेळी मापे बदलावीत.

रमजान पुढे सरकतो, बाजार सरकत नाही

आता आपल्या स्वतःच्या पंचांगाचे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे, म्हणून रमजान दरवर्षी तितका अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतो. पाऊस, दिवाळी, मार्चअखेर मात्र आपापल्या जागी राहतात. त्यामुळे रमजानाची आणि धंद्याच्या मोसमाची गाठ प्रत्येक काळात वेगळी पडते, आणि दहा वर्षांपूर्वीचा अनुभव आज कामी येत नाही.

२०१४ ते २०१७ या वर्षांत ईद जुलै आणि जूनच्या अखेरीस आली. पावसाने काम असेही मंदच होते, रोजे शांतपणे झाले. त्याच्या दहा-बारा वर्षे आधी उलट होते. २००३ ते २००६ या काळात रमजान आणि दिवाळी जवळजवळ एकत्र आले होते. २००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि ईद ५ नोव्हेंबरला होती. त्या काळी आम्ही स्वतः फर्निचरचे ठेके घेत असू. भाईंदर पश्चिमेच्या एका घरचे काम आम्ही लक्ष्मीपूजनापूर्वी देण्याच्या बोलीवर घेतले आणि तारीख मोजताना दिवस आठ तासांचा धरला. रोज्यात करवत चालवणाऱ्याचा दिवस पाच-सहा तासांवर भरत नाही, ही साधी गोष्ट आम्ही हिशेबात घेतली नव्हती. शेवटच्या अशऱ्यात दोन कारीगर ईदसाठी मुलुखाला गेले. पूजा झाली तेव्हा त्या घरातल्या कपाटांना दारे नव्हती. काम लाभपंचमीनंतर संपले आणि बिलातून मोठी रक्कम कापली गेली. कापणाऱ्याला आम्ही बोल लावत नाही, चूक आमची होती. पण त्या वर्षापासून आमच्या डायरीत प्रत्येक पानावर दोन तारखा असतात, एक इंग्रजी आणि एक चांदची.

२०२५ ची ईद सोमवारी, ३१ मार्चला आली. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस! सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना त्या दिवशी काम चालू ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. कंपन्या, कार्यालये आणि पालिका मार्चमध्ये बिले काढतात, उरलेला निधी खर्ची टाकण्यासाठी घाईची कामेही तेव्हाच निघतात. नेमक्या त्या महिन्यात रोजे, तरावीह आणि ईदची खरेदी. ज्यांनी फेब्रुवारीतच बिले देऊन ठेवली होती त्यांना ईदपूर्वी पैसे दिसले.

पुढे काय येते ते पाहा. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे धरून, २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतात, एक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे संक्रांतीनंतरची हिंदू लग्नसराई आणि रमजान एकमेकांवर चढतात. शिंपी, आरी-जरदोजीचे कारखाने, मेंदीवाल्या भगिनी, केटरिंगवाले यांना याचा सर्वांत मोठा धक्का. लग्नाचा घागरा आणि ईदचा जोडा एकाच आठवड्यात मागितला जाईल. आतापर्यंत वर्षात दोन वेळा येणारी गर्दी एकाच वेळी येईल, आणि मग दुसरी वेळ कोरडी जाईल. १९९७ ते २००० या काळात ईद अशीच जानेवारी-फेब्रुवारीत येत असे. त्या वेळी गादीवर बसलेले जुने मास्तर अजून आहेत. त्यांनी तेव्हा ऑर्डर घेणे कधी बंद केले, हात कुठून आणले, हे त्यांना आत्ताच विचारून ठेवावे.

बकरी ईदकडेही लक्ष हवे. ती २०२४ साली १७ जूनला, २०२५ साली ७ जूनला झाली. २०२६ मध्ये ती मेच्या अखेरीस आणि २०२७ मध्ये मेच्या मध्यास येते. वॉटरप्रूफिंग आणि शेडवाल्यांचे हेच ऐन कामाचे दिवस आणि हेच मुलुखाला जाण्याचे. कारीगर थांबणार नाही, थांबवूही नये. वर्षातून एकदा तो आईबापांना भेटतो. पण रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. तेव्हा तिकीट निघाल्याची तारीख विचारली की कोणता माणूस कधी जाणार, हे ठेकेदाराला दोन महिने आधी कळते. कामाची बोली त्यानंतर करावी.

मंडपवाले आणि रोषणाईवाले यांची गोष्ट थोडी गमतीची आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतला मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्यात आला. २०२४ आणि २०२५ मध्येही दोन्ही दिवस लागून आले आणि जुलूस पुढे ढकलला गेला. समजुतीने घेतलेला हा निर्णय शांततेसाठी होता, पण त्यात रोषणाईवाल्याचेही भले झाले. विसर्जनाच्या माळा उतरवून त्याच माळा जुलूसला लावता आल्या. २०२६ मध्ये अधिक मासामुळे गणपती १४ सप्टेंबरला बसतात आणि मिलाद ऑगस्टच्या अखेरीस येते. आता दोन वेगळ्या बयान्यांचा हिशेब.

पावसातली कामे

पाऊस सगळ्यांनाच रिकामे ठेवत नाही. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. इंजिन उघडणे, फळ्या बदलणे, फायबरचे थर देणे, रंग, हे सगळे या दोन महिन्यांत करून घ्यावे लागते. कोळी बांधवांचे आपले ठरलेले मिस्त्री असतात, पण डिझेल इंजिनचा फिटर, वेल्डर, फायबरवाला कमीच पडतो. ही बोलणी मे महिन्यात, बंदी लागण्याआधी होतात. जूनच्या २० तारखेला उत्तनला जाणाऱ्याला चहा मिळेल.

भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने हे दुसरे ठिकाण. धनत्रयोदशीला भांडे घेण्याची रीत आहे, म्हणून दुकानदाराचा माल श्रावण-भाद्रपदात तयार व्हावा लागतो. पॉलिश, वेल्डिंग, हँडल बसवणे अशी नगावर दिली जाणारी कामे तेव्हा निघतात. पॉलिशची धूळ छातीला वाईट, एवढे मात्र सांगून ठेवतो. तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय तेथे बसू नये, मग मजुरी कितीही मिळो.

काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यात टीव्ही मालिकांचे सेट लागतात. सुतार, मोल्डर, रंगारी यांना तेथे छपराखाली काम मिळते. फक्त त्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे हे विसरू नये. जुलैत केलेल्या कामाचे पैसे ऑक्टोबरमध्ये. जुलैची भूक त्याने भागत नाही.

आणि आपल्या मशिदी व मदरसे. रंगकाम, वजूखान्याची दुरुस्ती, पंखे, लाउडस्पीकर, कार्पेट ही कामे शाबान महिन्यात निघतात. कमिटी खर्चाचा विचार रजबमध्ये करते. पुष्कळ कारागीर हे काम सवाबासाठी कमी दराने करतात. ते त्यांच्या नियतीवर. पण कमिटीने सवाबाच्या नावाखाली गरीब रंगाऱ्याचा दर पाडू नये. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण मशिदीच्या कमिटीलाही लागू आहे.

पैसे हातात येईपर्यंत

काम मिळाले तरी पैशाचा मोसम आणखी वेगळा असतो. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती जूनपर्यंत राहिली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली. वर्षातले दोन्ही तेजीचे काळ! सरकारी नवी कामे थांबली आणि ५० हजारांवर रोकड घेऊन जाणाऱ्याला नाक्यावर कागद दाखवावे लागत होते. मजुरांचा पगार रोखीने वाटणाऱ्या ठेकेदारांना त्या महिन्यांत बँकेतून पैसे पाठवण्याचे महत्त्व कळले.

सोसायटी किंवा कंपनी ठेक्याचे एका वेळी ३० हजारांपेक्षा किंवा वर्षात १ लाखापेक्षा अधिक पैसे देते तेव्हा व्यक्तीच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापते. पॅन दिला नाही तर हीच कपात २० टक्के. आपल्या किती बंधूंचे पैसे असे कापले जाऊन पडून राहतात! उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्याशिवाय सक्तीची नाही, तेव्हा त्या भीतीने बिल न देणे हे शहाणपण नव्हे.

१ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी चालू आहे, ती फुकट आहे. कुणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर उठून यावे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या लहान उद्योजकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. साहित्यासह एकत्रित बांधकामाच्या ठेक्याला हे लागू होते की नाही यावर न्यायालयांत मतभेद झाले आहेत, तेव्हा अशा कामात वकिलाचा सल्ला घ्यावा. नुसत्या मजुरीच्या किंवा नगावरच्या कामाचे बिल वेगळे द्यावे, म्हणजे गुंता कमी होतो.

लेखी कराराचे नाव काढले की आपले लोक संकोचतात. शेठला वाईट वाटेल, विश्वास नाही असे वाटेल. सूरह बकराने तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे, लहान असो वा मोठा. तेव्हा संकोच कशाचा? मोबाइलवर पाठवलेला आणि समोरच्याने होकार दिलेला संदेशसुद्धा पुष्कळ कामी येतो.

राहता राहिली जुलैची उचल. नया नगरात आणि भाईंदरमध्ये भिशी घराघरांत चालते. बहुतेक भिश्या रमजानाला किंवा मुलीच्या लग्नाला धरून लावल्या जातात आणि पहिला नंबर ज्याला हवा त्याला. चार-पाच रंगारी, दोन वॉटरप्रूफिंगवाले आणि एखादा शिंपी व एसीवाला, असे वेगवेगळ्या मोसमांत कमावणारे दहा-बारा जण एकत्र आले तर नंबर मोसम पाहून वाटता येतात. एसीवाल्याला नोव्हेंबर, शिंप्याला ईदनंतरचा तिसरा महिना, रंगाऱ्यांना जून, जुलै, ऑगस्ट. एकाच धंद्याच्या माणसांची भिशी लावू नये, कारण सगळ्यांना एकाच महिन्यात नंबर हवा असतो आणि तेथेच भांडण होते. हप्ता ऑक्टोबर ते मे मोठा आणि पावसात लहान ठेवला तर तुटत नाही. मात्र नंबर कुणाचाही असो, प्रत्येकाने वर्षभरात जितके भरले तितकेच त्याला मिळेल असे आकडे सुरुवातीलाच वहीत मांडून घ्यावेत. अशी भिशी दिवाळीनंतर, हातात पैसा असताना सुरू करायची असते, म्हणजे पहिला पावसाळा येईपर्यंत तिला सात-आठ हप्ते झालेले असतात.